मागच्या दाराचा जावई

१४ मे
साखर १०.१.

दवाखान्यातल्या नर्सने ही वही दिली. रोज सकाळी बोट टोचायचं, आकडा लिहायचा, शेजारी काय खाल्लं ते लिहायचं. पान एवढं मोठं आणि आकडा एवढासा. उरलेल्या जागेत मी मला हवं ते लिहिणार. पंचवीस वर्षं शाळेची बस चालवली, आरशातून मागच्या बाकावरच्या खोड्या पकडल्या. माझ्या नजरेतून काही सुटत नाही हे आमच्या सगळ्या स्टँडऑफ गावाला ठाऊक आहे.

तर पहिली नोंद. माझा जावई काहीतरी लपवतोय.

आज लेकीकडे गेले होते. गाडी अंगणात घेतली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याची टोपी दिसली. पायऱ्या चढून आत जाते तर टोपी नाही आणि टोपीखालचा माणूसही नाही. टेबलावर अर्धा कप कॉफी. हात लावून पाहिला, गरम. मागचं दार अजून हलत होतं.

"कोल्टन कुठाय?" मी विचारलं.

"घोड्यांकडे गेला वाटतं," डेनेल म्हणाली. पोरीला, हेझलला, भरवत होती, वर पाहिलंसुद्धा नाही. वाटतं! दोन पावलांवरून नवरा उठून गेला आणि हिला वाटतं.

ही चौथी वेळ. लग्न त्यांनी दोन वर्षांपूर्वी तिकडे सरहद्दीपलीकडे, अमेरिकेत ब्राउनिंगला, कोर्टात उरकलं. मला फोनवर कळलं. या मार्चमध्ये इकडे राहायला आले. तेव्हापासून या माणसाचा चेहरा मी धड पाहिलेला नाही. गंमत म्हणजे लग्नाआधी एका रोडिओत, घोड्यांच्या खेळांत, भेटला होता तेव्हा चांगला हसून हात मिळवला होता. लग्न झालं आणि तोंड लपवायला लागला. माणूस असं कधी करतो? पोरगी पदरात पडली की.

ब्राउनिंगचे लोकही आपलेच, ब्लॅकफूट जमातीचेच, भाषा एक, गाणी एक. पण आपलाच म्हणजे चांगलाच असं कुठे लिहिलंय?

१५ मे
साखर ९.४. टोस्ट, एक अंडं.

काल मुख्य गोष्ट लिहायची राहिली. निघताना डेनेल म्हणाली, "आई, जुलैच्या मेळ्यात हेझलला नाव दे ना. तुझं."

माझं म्हणजे पीताकी. आजीने मला दिलं, तिला तिच्या आजीने. नन्सच्या निवासी शाळेत मी चव्वेचाळीस नंबर होते, कागदावर लॉरेटा होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने आजीच्या दारात पीताकी होते. ते दोन महिने नसते तर मी कुणीच झाले नसते. हे नाव एकदा दिलं की माझ्याकडे उरत नाही. ते त्या पोरीचं.

हेझल चौदा महिन्यांची आहे. तिला द्यायला माझी ना नाही. पण तिच्या बापाचा भरवसा काय? उद्या पोरगी आणि नाव दोन्ही उचलून सरहद्दीपलीकडे गेला तर मी इथे कुणाला हाक मारत बसू?

"बघू," म्हणाले.

२३ मे

बर्निस आली होती. माझी चुलतबहीण, मेळ्याच्या स्वयंपाकात माझ्या हाताखाली असते, म्हणजे असं मी समजते; ती उलटं समजते. तिला सगळं सांगितलं.

"बाई आहे," बर्निस लगेच म्हणाली. "ब्राउनिंगला. दर शुक्रवारी ट्रक घेऊन तिकडे जातो की नाही?"

"घोड्यांसाठी जातो. घोडेबदलीची शर्यत, दर फेरीला नवा घोडा, तिचा सराव असतो तिकडे."

"घोड्यांसाठी!" तिने तळलेल्या पावाचा तुकडा मोडला. "अगं, माझा जावई माझ्या फ्रिजमधून न विचारता खातो, माझ्या खुर्चीत पाय पसरून बसतो, मला म्हातारी म्हणतो. मन साफ असलेला जावई असा असतो. तुझा घाबरून पळतो, म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी आहे."

बर्निसचं बोलणं एरवी मी अर्धं सोडून देते. आज पूर्ण घेतलं.

२७ मे
साखर १०.८.

डेनेलच्या घराच्या अलीकडे कॉटनवूडची झाडं आहेत, तिथे गाडी लावून पाऊण तास बसले. कोल्टन अंगणात घोड्याचे खूर बघत होता. हेझल टबमध्ये बसवलेली. तो घोड्याशी बोलतो, पोरीशी बोलतो, चांगला हसतो. डेनेल आली तर तिच्या पाठीवर ओला हात पुसून पळाला. म्हणजे मुका नाही, घुमा नाही. हे सगळं फक्त माझ्यासाठी राखून ठेवलंय.

मग मी गाडी सुरू केली आणि सरळ अंगणात नेली. माझी गाडी दिसली मात्र, पोरीला डेनेलच्या कडेवर दिलं आणि गोठ्यामागे गडप. घोडा तसाच एक पाय वर धरून उभा!

परत येताना माझंच वळण चुकलं. राग होता असं आत्ता लिहिते, पण गाडीत तो राग नव्हता. मी काय केलंय त्याचं?

२ जून

वृद्धाश्रमात फिलोमेन मावशीकडे गेले. आईची सख्खी बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, आईच्या बाजूचं आता तेवढंच माणूस राहिलंय. तिच्यासाठी बेरीचं सूप नेलं होतं. म्हटलं, म्हातारीचा सल्ला घ्यावा.

"जावई माझ्याकडे बघत नाही," मी म्हणाले.

"अजिबात नाही?"

"मान वर करत नाही. मी आले की मागच्या दाराने बाहेर."

"बोलतो?"

"शब्द नाही."

"छान, छान," मावशी म्हणाली आणि सूप प्यायला लागली.

मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगितलं. तिने माझा हात थोपटला. "कुणी वाढवलं त्याला?"

"आजोबांनी. त्याचं काय?"

"छानच वाढवलं." मग स्वतःशी हसत तिने भलतीच गोष्ट काढली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गाडी हाकत कार्डस्टनला निघाले होते. वाटेत आजीची आई उभी. तिलाही तिकडेच जायचं होतं. आजोबांनी लगाम बायकोच्या हातात दिले, पलीकडच्या बाजूने उतरले आणि गवतातून बारा मैल चालत गेले. पायाला फोड आले. मावशीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

म्हणजे आजोबाही असेच तुसडे होते तर! एका म्हातारीशेजारी बसवेना. आमच्या घराण्यातल्या बायकांच्या नशिबात असलेच पुरुष येतात की काय कोण जाणे. मी एक विचारते, मावशी दुसरंच सांगते. आता तिच्याकडून काही मिळण्याची आशा नाही.

९ जून
साखर ९.९. लापशी.

आता प्रकार वाढत चाललाय. दवाखान्यातून परत आले तर दारापुढच्या ओट्यावर एल्क हरणाच्या बरगडीचं मांस, पांढऱ्या कापडात नीट गुंडाळलेलं. चिठ्ठी नाही. शेजाऱ्यांना विचारलं तर निळा ट्रक दिसला म्हणे. निळा ट्रक कुणाचा ते लिहायला नको.

मांस आणायचं तर माणसासारखं दार वाजवून आणावं. मी घरात नाही हे बघून का आणावं? दोन वेळा हुंगून पाहिलं. वास काही नव्हता. एक तुकडा उकडून आधी कुत्र्याला घातला आणि तासभर वाट पाहिली. कुत्रा ठणठणीत. बरगडीचा रस्सा केला, झकास झाला होता. हे मी कुणाला सांगणार नाही.

१६ जून

मी चर्चला गेले तेव्हा कुणीतरी माझं सरपण फोडून रचून ठेवलंय. मागच्या खिडकीची फटही बुजवलीय, हिवाळाभर जिथून वारा यायचा ती. ती फट बाहेरून दिसत नाही. म्हणजे आतून पाहिली असणार, किंवा डेनेलने सांगितली असणार. माझ्या येण्याजाण्याच्या वेळा याला तोंडपाठ आहेत. माझ्या घरावर पाळत आहे.

बर्निस म्हणते, कुलूप बदल.

१९ जून
साखर ११.२.

ठरवलं. जशास तसं. दुकानात पिठाच्या पोत्यांच्या रांगेत तो समोरून आला. तो टोपी खाली ओढून वळायच्या आत मी वळले. पाठ फिरवली, चालू पडले, मैदा न घेताच घरी आले. डेनेलच्या अंगणात निळा ट्रक दिसला की मी उतरतच नाही. रस्त्यावरूनच परत. बघू कोण जास्त दिवस टिकतं.

२५ जून

डेनेलचा फोन. आवाज असा मऊ की मला संशय आला.

"आई, खरंच थँक्यू."

"कशाबद्दल?"

"तू हल्ली ट्रक बघून परत जातेस ना. दुकानातही वळलीस. कोल्टन म्हणत होता, तुझी आई किती सांभाळते. त्याच्या आजोबांनाही त्याने सांगितलं."

 टोमणा मारावा तर असा! नवरा शिकवतो आणि बायको पोपटासारखी बोलते. आणि वर त्या म्हाताऱ्याला ब्राउनिंगला कळवलं, म्हणजे तिकडे सगळे मिळून मला हसत असणार.

"तुझ्या नवऱ्याला सांग, मी अजून बरंच सांभाळू शकते," एवढंच बोलले.

"सांगते," ती आनंदाने म्हणाली. माझीच पोरगी, पण निगरगट्ट झालीय.

नावाचं तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, मेळ्यात बघू.

४ जुलै

मेळ्याच्या समितीची बैठक. तंबूंच्या जागा मी वाटते. कुणाचं घराणं वर्तुळात कुठे बसतं हे मला नकाशाशिवाय येतं. डेनेल आली आणि हळूच म्हणाली, "आमचे घोडे आणि ट्रेलर पलीकडच्या टोकाला दे, आई. तुझ्या तंबूपासून जितकं लांब होईल तितकं. कोल्टनने मुद्दाम सांगितलंय."

सगळ्यांसमोर. दोन म्हाताऱ्यांनी मान डोलावली, जणू काही फार शहाणपणाचं बोलली. मी नकाशावर अगदी कडेला, शर्यतीच्या कुंपणाला लागून, एवढ्या जोरात खूण केली की पेन्सिल मोडली.

१२ जुलै
साखर १०.५.

तळ पडला. माझा तंबू उभारायला पुतणे आले होते, खांब धरण्यापेक्षा थट्टाच जास्त. वारा आज दयाळू आहे. दुपारपर्यंत तीसेक तंबू उभे राहिले, त्यांतले चार रंगवलेले. ड्रमवाले पोहोचले. पन्नास किलो मांस शिजतंय, बर्निस मीठ घालते आणि मी नाही म्हणते. वर्षातले हे चार दिवस मला माझ्या अंगात नीट बसवतात. शाळेत आम्हाला हे सगळं सैतानाचं म्हणून सांगितलं होतं. त्या नन्स गेल्या, ड्रम आहेत.

पण यंदा मन लागत नाही. घास घेताना, ताट वाढताना सारखी नजर कुंपणाकडे जाते.

बर्निस सांगत आली. "घोड्यांकडची पोरं त्याला विचारत होती, तुझी सासू कशी आहे? म्हणाला, मला तिची भीती वाटते."

"भीती? माझी?"

"खाली बघून म्हणाला म्हणे. अपराधी माणूस खाली बघतो."

उद्या सोक्षमोक्ष लावते. डोळ्यात डोळे घालून विचारते. माझ्या डोळ्यांना डोळा देऊ शकला तर नाव देईन, नाही तर नाही.

१३ जुलै

आजचं आजच लिहून टाकते.

दुपारी जेवणाची रांग लागली होती. मी सुपाचा डाव बर्निसच्या हातात दिला आणि कुंपणाकडे गेले. तो ट्रेलरच्या आत होता, पुढच्या कप्प्यात, एका घोड्याच्या पायाला पट्टी बांधत. मी ट्रेलरच्या दारात उभी राहिले. या वेळी मागचं दार नव्हतं.

"कोल्टन," मी म्हणाले.

त्याने वळून पाहिलंही नाही. घोड्याच्या पाठीवरचं ब्लँकेट ओढलं आणि डोक्यावरून घेतलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा उंचापुरा माणूस कोपऱ्यात तोंड करून ब्लँकेटखाली उभा! माझं डोकं फिरलं.

"काय केलंय मी तुझं? माझ्या लेकीला काय केलंयस की मला तोंड दाखवत नाहीस? बोल!" माझा आवाज बसमध्ये चढायचा तसा चढला होता. माणसं जमली. मी आत शिरले आणि ब्लँकेट ओढून काढलं.

त्याचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर. डोळे गच्च मिटलेले. 

मी मागे वळले. वीस-पंचवीस माणसं होती आणि एकही आवाज नाही. आपले लोक कशालाही हसतात, तंबू पडला तर हसतात, मयतीतही हसतात. आज कुणी हसलं नाही. म्हातारे जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात बर्निस आली, एकटीच मोठ्याने हसली आणि मध्येच थांबली.

डेनेल पोरीला कडेवर घेऊन धावत आली. "आई! काय केलंस हे! सगळ्यांसमोर!"

"मला फक्त विचारायचं होतं..."

"दोन वर्षं त्याने पाळलं. आजोबांना शब्द दिला होता त्याने." ती रडत होती. "नाव राहू दे तुझ्याजवळच. आम्हाला नकोय."

काय पाळलं? कसला शब्द? विचारायला तोंड उघडलं तर ती निघून गेली होती. परत येताना वाटेतल्या बायकांनी मला वाट करून दिली, पण एकीनेही 'ओकी' म्हणून साधा नमस्कार केला नाही.

१४ जुलै
साखर बघितली नाही.

सकाळी तंबूचं दार उघडलं तर समोर घोडा.

तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा, नवा कोरा लगाम, पाठीवर चांगलं ब्लँकेट. माझ्या तंबूच्या खुंटीला बांधलेला. याचं नाव सॅटर्डे. कोल्टनच्या तीन घोड्यांतला सगळ्यात वेगवान, शेवटच्या फेरीचा. आज चार वाजता अंतिम शर्यत होती.

मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो. तेवढ्यात वृद्धाश्रमाची व्हॅन आली आणि फिलोमेन मावशीची चाकांची खुर्ची खाली उतरली. तिने घोडा पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

"अगं पोरी, समोरासमोर आलात?"

"मी आणलं त्याला समोर. मावशी, हे काय आहे?"

"दंड आहे. जावयाने सासूचं तोंड बघायचं नाही, सासूने जावयाचं. आलेच समोर, तर लाज त्याची. ती लाज घोडा देऊन धुवायची."

"पण चूक माझी होती!"

"तो कुठे म्हणतोय तुझी चूक?"

मी खालीच बसले, गवतावर. "हे मला कुणीच का सांगितलं नाही?"

"तुला माहीत नाही असं कुणाला वाटलं? तू त्याचा ट्रक बघून रस्त्यावरून परत फिरायचीस. दुकानात पाठ फिरवलीस. सगळे म्हणत होते, लॉरेटा अजून जुन्या वळणाची आहे. मीसुद्धा म्हणत होते. मला वाटलं, तू तक्रारीच्या नावाखाली जावयाचं कौतुक सांगायला आलीस." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी आई असती तर तुझा क्लॅरेन्स असाच पळाला असता तिच्यापुढून. तू बघितलं असतंस."

माझी आई मी नऊ वर्षांची असताना क्षयाच्या इस्पितळात वारली. माझ्या नवऱ्याला सासू नव्हतीच. पळायचं कुणापुढून? शाळेत चादरी कशा घालायच्या ते शिकवलं, कपड्यांना इस्त्री शिकवली. जावई आपला मान कसा राखतो हे कुणी शिकवलं नाही. ते एल्कचं मांस, ती लाकडं, ती खिडकीची फट. घरी मी नसताना, कारण मी असताना त्याला यायला मज्जाव. दोन वर्षं या पोराने माझा मान राखला आणि मी त्याचं मांस आधी कुत्र्याला घातलं.

मी खूप रडले. मावशीने रडू दिलं.

मग म्हणाले, "घोडा परत नेऊन बांधते. आज त्याची शर्यत आहे."

"परत दिलास तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होईल. सॅटर्डे आता तुझा आहे."

"मी काय करू त्याचं? मला गुडघा वाकवता येत नाही!"

"ते तू बघ. घोडा तुझा," मावशी म्हणाली.

तासभर त्याच्याजवळ बसले. त्याने माझी बाही चघळली. दोन महिने मी ते नाव मुठीत धरून ठेवलं होतं, जावई नीट वागला तर देईन म्हणून. आजीने मला ते दिलं तेव्हा माझी कसली परीक्षा घेतली होती? मी तेव्हा चार वर्षांची होते आणि तिच्या चुलीतली राख अंगाला फासून बसले होते.

उठले आणि डेनेलच्या तंबूकडे गेले. आधी लांबून ओरडले, "मी येतेय! आत कुणी असेल तर बाहेर पडा!" मागच्या बाजूने कनात हलली. थोडं थांबून आत गेले. लेकीची माफी मागितली. सगळं सांगितलं, मला माहीत नव्हतं हेही. ते सांगणं सगळ्यात जड गेलं.

डेनेल माझ्याकडे बघतच राहिली. "पण आई, तूच तर मला सगळं शिकवलंस."

"जे मला आलं ते शिकवलं."

ती जवळ सरकली. नुसती मला धरून बसली. मग मी म्हणाले, "नाव नकोय म्हणालीस, ते ठीक. पण मला द्यायचंय. तू आणि तो घ्याल का?"

तिने बाहेर जाऊन विचारलं. तंबूच्या मागून हलक्या आवाजात बोलणं ऐकू आलं. मी कान झाकून घेतले. आत आली ती पोरीचे केस विंचरायलाच.

दुपारी मंडपात निवेदकाने ड्रम थांबवले. डेनेल हेझलला घेऊन माझ्यासमोर, मावशी शेजारी. पोरीचा बाप लोकांच्या मागे, वर्तुळाबाहेर, माझ्या पाठीशी कुठेतरी होता. मला माहीत होतं, आणि मी मागे वळून पाहिलं नाही. मावशीने प्रार्थना म्हटली. मी पोरीच्या गालाला लाल माती लावली, तिने ती लगेच माझ्या नाकाला पुसली. मग मी आजीचं सांगितलं, तिच्या आजीचं सांगितलं, आणि म्हणाले, आजपासून ही पीताकी, गरुडबाई. निवेदकाने चारही दिशांना नाव पुकारलं. बायकांनी जिभा घोळवून आरोळी दिली. माझ्या छातीतून काहीतरी निघून गेलं, आणि मला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.

"अजून एक," मी माइक सोडला नाही. "नाव मिळालेल्या माणसाला काही द्यावं लागतं. माझ्याकडे आज सकाळपासून एक घोडा आहे. माझा स्वतःचा. तो मी पीताकीला देते."

 मग एक म्हातारा फिस्सकन हसला, आणि सगळा मंडप हसायला लागला.

"पीताकीला अजून चालता येत नाही धड," मी म्हणाले. "घोडा कुणीतरी सांभाळावा लागेल. आज चारला त्याला पळवलं तरी तिची हरकत नसावी. मी विचारलं तिला."

माझ्या पाठीमागून कुणीतरी पळत गेल्याचा आवाज आला.

शर्यत पाहिली. जावयाकडे बघायचं नाही, म्हणून सगळा वेळ फक्त घोड्यांचे पाय बघितले. तिसऱ्या फेरीत तपकिरी पाय चौथ्यावरून दुसऱ्यावर आले. पहिला नंबर सिक्सिका वस्तीच्या पोरांचा. बर्निस ओरडून ओरडून घसा बसवून आली आणि म्हणाली, "मी पहिल्यापासून म्हणत होते, पोरगा चांगला आहे." तिला सुपाची भांडी घासायला पाठवलं.

संध्याकाळी मावशीला विचारलं, "आता मला कुणी काय म्हणायचं? नाव तर दिलं."

"थोडे दिवस लॉरेटावर भागव," ती म्हणाली. "मी बघते माझ्याकडे काय आहे ते."

२२ जुलै
साखर ८.१.

आज लेकीकडे गेले. वळणावरच गाडी थांबवली आणि दोनदा हॉर्न वाजवला. मागचं दार उघडल्याचं दिसलं, टोपी गोठ्याकडे जाताना दिसली, मी नजर स्टिअरिंगवर ठेवली. त्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणून शंभरपर्यंत मोजलं. मग सावकाश अंगणात गेले.

आत पोरगी जमिनीवर पातेली बडवत होती, माझ्याकडे पाठ करून. मी दारातून हाक मारली, "पीताकी!"

साठ वर्षं त्या हाकेला मी वळत आले. आज ती वळली.